पडद्यावरील शार्क आणि उसांतील बिबट्या

आज ज्या बोलपटाविषयीं मी आपणांशीं बोलणार आहें, तो मीं दोन वेळां पाहिला. एकदां पुण्यास चित्रपटगृहांत, आणि एकदां शिरूर तालुक्यांतील न्हावरे या गांवीं, एका घराच्या ओसरीवर, हाताच्या पंजाएवढ्या फोनच्या कांचेवर. बोलपट तोच, स्त्री तीच, मासाहि तोच. परंतु पहिल्या वेळीं मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलों होतों, आणि दुसऱ्या वेळीं मध्येंच चहा आला तेव्हां तो बोलपट थांबवून ठेवण्यांत मला यत्किंचितहि वाईट वाटलें नाहीं. असें कां झालें, हें समजून घेण्याचा आज माझा प्रयत्न आहे. आणि त्याच ओसरीवर एक वाक्य माझ्या कानीं पडलें, त्याचाहि विचार मला येथें करावयाचा आहे. खरें सांगावयाचें तर तें वाक्य ऐकलें नसतें, तर हें भाषण करण्याचें माझ्या मनांतहि आलें नसतें.

बोलपटाचें नांव ‘द शॅलोज’, म्हणजे उथळ पाणी. तो २०१६ सालीं प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जॉमे कोलेट-सेरा, नायिका ब्लेक लाइव्हली, आणि लांबी उणीपुरी ८६ मिनिटें. कथा चार ओळींत सांगण्याजोगी आहे. नॅन्सी नांवाची वैद्यकाची एक विद्यार्थिनी, आई कर्करोगानें गेल्यावर शिक्षणावरून मन उडालेली, मेक्सिकोच्या एका निर्जन किनाऱ्यावर येते. आपण आईच्या पोटांत असतांना आईनें हा किनारा पाहिला होता, एवढाच त्या जागेशीं तिचा ऋणानुबंध. फळी घेऊन लाटांवर खेळत असतां, मरून तरंगत आलेल्या एका देवमाशाच्या भोंवतीं घुटमळणारा शार्क तिच्या पायाचा लचका तोडतो. ती कशीबशी एका खडकावर चढते. ओहोटी आहे म्हणून खडक पाण्याबाहेर आहे. भरती आली कीं तो बुडणार. किनारा समोर दिसतो आहे, अवघा दोनशें यार्डांवर, म्हणजे सुमारें १८३ मीटर. लक्ष्मी रस्त्यावर एका दुकानांतून दुसऱ्या दुकानांत जातांना आपण बोलतां बोलतां इतकें चालून जातों. येथें मध्यें पाणी आहे, आणि पाण्यांत तो आहे. शेवट काय होतो तें मी सांगणार नाहीं.

आतां, श्रोतेहो, भय आणि उत्कंठा या दोन गोष्टी आपण बोलण्यांत एकच समजतों, पण त्या एक नाहींत. दाराआड लपलेल्या मुलानें एकाएकीं ‘भो’ केलें कीं आपण दचकतों. तें भय, क्षणांत येतें, क्षणांत जातें. परंतु दाराआड मूल आहे हें आपणांस ठाऊक आहे, आणि तापल्या दुधाचें पातेलें घेऊन येणाऱ्या आजीबाईंना मात्र तें ठाऊक नाहीं, अशी स्थिति असेल, तर चुलीपासून दारापर्यंत त्या येईतों आपला जीव टांगणीस लागतो. ही उत्कंठा. आल्फ्रेड हिचकॉक या विख्यात दिग्दर्शकानें १९६२ सालीं फ्रांस्वा त्रुफो यास दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतींत मेजाखालीं ठेवलेल्या बाँबचा दाखला देऊन हाच भेद उलगडून दाखविला होता. बाँब अकस्मात् फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद हादरतात. तो तेथें आहे हें आधीं कळलें, तर मेजावर चाललेल्या रिकाम्या गप्पाहि ते पंधरा मिनिटें श्वास रोखून ऐकतात. आमच्या कीर्तनकारांस हें मर्म फार पूर्वींपासून अवगत आहे. मारुतीच्या शेपटास चिंध्या गुंडाळून झाल्या, तेल ओतून झालें, आणि आतां कोणीतरी चूड आणणार, एवढ्यांत बुवा थांबतात आणि टाळकऱ्यांकडून भजन सुरू करवितात. पुढें काय होणार तें मंडपांतल्या पोरांनाहि पाठ असतें. तरी कोणी उठून जात नाहीं.

‘द शॅलोज’ची मांडणी या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. कर्त्यांनीं प्रेक्षकांच्या हातीं तीन हिशेब दिले आहेत. पाणी किती चढलें, रक्त किती गेलें, आणि शार्कला एक फेरा घालण्यास किती वेळ लागतो. नॅन्सीच्या मनगटावर घड्याळ आहे. ती त्यावर शार्कचा फेरा मोजते, आणि त्या घड्याळाचे आंकडे पडद्यावर मोठे होऊन आपणांसहि दिसतात. म्हणजे आपण नुसते प्रेक्षक राहत नाहीं, तिच्याबरोबर बेरीज-वजाबाकी करीत बसतों. ती पाण्यांत उडी टाकते तेव्हां आपलें गणित तिच्याहि पुढें धांवत असतें. ती वैद्यकाची विद्यार्थिनी आहे हेंहि कथेंत उगाच आलेलें नाहीं. अंगावरच्या दागिन्यांनीं ती आपली जखम आपणच शिवते तेव्हां काय होत आहे तें तिला कळतें, आणि म्हणून आपणांसहि कळतें. तिच्या सोबतीस खडकावर पंख दुखावलेला एक समुद्रपक्षी आहे. तो मुख्यत्वें खराखुरा शिकविलेला पक्षी होता, आणि नायिकेखालोखाल उत्तम काम त्याचेंच आहे असें माझें मत आहे. शेवटच्या दहा-बारा मिनिटांत मात्र हा बोलपट आपला संयम सोडतो. तोंवर पाण्याखालीं असलेला मासा वर येऊन राक्षसासारखा वागूं लागतो, आणि संगणकानें तयार केलेलें त्याचें शरीर जितकें अधिक दिसतें तितकें आपलें भय ओसरतें.

हा दोष ज्या बोलपटानें टाळला, आणि तोहि नाइलाजानें टाळला, त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. २० जून १९७५ रोजीं अमेरिकेंत ‘जॉज’ हा बोलपट प्रदर्शित झाला. ‘जॉज’ म्हणजे जबडा. पीटर बेंचली याच्या १९७४ सालच्या कादंबरीवरून तो काढला होता. दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग याचें वय तेव्हां तीसहि नव्हतें. चित्रीकरण मार्थाज व्हिन्यर्ड या बेटाजवळ, खऱ्या समुद्रांत करावयाचें ठरलें. त्यासाठीं तीन यांत्रिक शार्क बनविण्यांत आले. गोड्या पाण्यांत त्यांनीं ठीक काम केलें होतें; खारें पाणी लागतांच त्यांच्या यंत्रांनीं मान टाकली. एक तर तळाशींच जाऊन बसला. ५५ दिवसांत उरकावयाचें काम १५९ दिवस चाललें, आणि खर्च दुपटीच्याहि वर गेला. शार्कच हजर नाहीं, तर शार्कचें चित्र काढावयाचें कसें?

स्पिलबर्गनें त्यावर जो तोड काढला तो असा, कीं मासा दाखवावयाचाच नाहीं. त्याच्या डोळ्यांनीं पाहावयाचें. छायायंत्र पाण्याच्या पातळीशीं आणून ठेवलें, म्हणजे लाट येतांच आपल्याहि नाकातोंडांत पाणी जातें असें वाटावें. माशाच्या अंगांत रुतलेल्या भाल्यांना दोरानें पिवळीं पिंपें बांधलेलीं; पिंप वर आलें कीं तो वर आला, पिंप पाण्याखालीं गेलें कीं तो खोल गेला. दोन तासांच्या या बोलपटांत शार्क पुरता दृष्टीस पडतो तो सुमारें ८१ मिनिटांनंतर. आणि त्याच्या जागीं काय येतें? जॉन विल्यम्स याचें संगीत, अवघ्या दोन स्वरांचें, प्रथम सावकाश, मग जवळ जवळ येत जाणारें. या संगीताची एक खुबी पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. दोन व्रात्य मुलें पुठ्ठ्याचा पंख लावून लोकांस घाबरवितात, त्या वेळीं हे स्वर वाजत नाहींत. म्हणजे संगीत आपणांशीं खोटें बोलत नाहीं. स्वर आले कीं मासा आला, हा विश्वास आपल्या मनांत मुरतो. आणि तो पुरता मुरल्यावर, पोलीस अधिकारी नावेवरून पाण्यांत आमिष टाकीत असतां, कोणताहि स्वर न वाजतां तो प्रचंड जबडा त्याच्या पाठीशीं वर येतो. संकलनाचें काम व्हर्ना फील्ड्स या बाईंनीं केलें होतें. संकलन, संगीत आणि ध्वनि या तिन्हींसाठीं त्या बोलपटास ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. २०२५ सालीं, पन्नास वर्षें पुरीं झाल्यानिमित्त, अमेरिकेंतील चित्रपटगृहांत तो पुन्हां लावण्यांत आला.

पण मग ओसरीवर माझा चहा थंड कां झाला नाहीं? चित्रपटगृहांत पडदा आपल्या नजरेहून रुंद असतो. त्यावर मोकळा समुद्र पसरला कीं डोळे डावीकडून उजवीकडे भटकूं लागतात, आणि ज्या बाजूस आपण पाहत नाहीं त्या बाजूची धास्ती वाटूं लागते. फोनवर तोच समुद्र एका दृष्टिक्षेपांत संपतो. त्यांत लपावयास जागाच नाहीं. दुसरें, ते दोन खालचे स्वर किंवा ‘द शॅलोज’मधील पाण्याखालचा घुमारा कानांनीं जितका ऐकावयाचा, तितकाच छातीनेंहि ऐकावयाचा असतो. फोनचा कर्णा नखाएवढा. मंद्र सप्तकांतलें कांहींच त्यांतून निघत नाहीं, निघतो तो नुसता चिरचिराट. आणि तिसरें, जें मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें, तें हें कीं चित्रपटगृहांत थांबविण्याची कळ आपल्या हातीं नसते. नॅन्सीस खडकावरून उतरतां येत नाहीं, आणि आपणांसहि रांगेंतील सात जणांच्या गुडघ्यांस धक्के दिल्यावांचून उठतां येत नाहीं. त्यांतच शेजारच्या अनोळखी माणसाचा श्वास थांबलेला आपणांस ऐकूं येतो.

हें सुख केवळ शहरचेंच होतें असें नाहीं. आमच्या जिल्ह्यांतल्या जत्रांतून तंबूंतले सिनेमे हिंडत असत. मालमोटारींत प्रक्षेपक, माळावर कनात, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंस प्रेक्षक. मागच्या बाजूच्या लोकांना अक्षरें उलटीं दिसत, त्याची कोणास खंत नसे. महाराष्ट्रांतील या फिरत्या सिनेमांवर शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनीं ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा सुंदर माहितीपट काढला, आणि २०१६ सालीं कान येथील महोत्सवांत तो नांवाजला गेला. म्हणजे ‘द शॅलोज’ ज्या वर्षीं आला त्याच वर्षीं. जो धंदा त्यांत चित्रित झाला, तो त्याच सुमारास मोडकळीस आला होता.

न्हावरे हें शिरूरहून चौफुल्यास जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. समुद्राशीं त्याचा संबंध एवढाच कीं घोड आणि भीमा यांचें पाणी अखेरीस बंगालच्या उपसागरास मिळतें. एके काळीं हा सारा मुलूख बाजरीचा. धरणें झालीं, कालवे आले, घोडगंगा सहकारी साखर कारखाना याच गांवीं उभा राहिला, आणि शिवारांत ऊस आला. ज्यांच्या ओसरीवर मी बसलों होतों त्या वृद्ध गृहस्थांस सारें घर तात्या म्हणतें. त्यांच्या नातवानें फोन उभा करून ठेवला होता. नॅन्सी खडकावर पाय पोटाशीं घेऊन बसली होती, पाणी काळें व स्वस्थ होतें, आणि मासा कोठेंच दिसत नव्हता. तात्यांनीं चष्मा पुसला आणि म्हणाले, “पाण्यातला काय अन् उसातला काय, मास्तर, दिसला की निम्मं भ्या जातं. दिसत न्हाई तवर खरं.”

उसांतला म्हणजे बिबट्या. जुन्नर, आंबेगांव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून वनखात्याचा जुन्नर विभाग होतो, आणि बिबट्या व माणूस यांच्या झगड्यासाठीं तो पंचवीस वर्षांहून अधिक काळ गाजतो आहे. ऊस हें बारा ते अठरा महिने उभें राहणारें पीक. त्यांत गारवा आहे, पाटाचें पाणी आहे, जवळ वस्ती असल्यामुळें कुत्रीं, शेळ्या, कोंबड्या आहेत. बिबट्याची मादी तेथेंच विते, आणि तोड सुरू झाली कीं तोडणी कामगारांच्या कोयत्यासमोर पिल्लें सांपडतात. जुन्नरजवळ माणिकडोह येथें अशा जनावरांसाठीं निवारा-केंद्र आहे. या बिबट्यांच्या अनेक पिढ्या उसांतच जन्मल्या व वाढल्या. जंगल त्यांनीं पाहिलेलेंच नाहीं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड परिसरांत तीन आठवड्यांच्या अवधींत तीन माणसें बिबट्यानें मारलीं. त्यांत दोन लहान मुलें होतीं. लोकांनीं महामार्ग अडविला, आणि त्यानंतर एक बिबट्या गोळी घालून मारण्यांत आला.

‘जॉज’मध्यें अगदीं हेंच आहे, हें मला तात्यांच्या वाक्यानंतर सुचलें. पहिला बळी पडल्यावर गांवचा नगराध्यक्ष किनारा बंद करण्यास कां-कूं करतो, कारण हंगाम बुडेल. मूल मरतें तेव्हां बक्षीस लागतें, शेंकडो होड्या निघतात, आणि मारला जातो तो दुसराच शार्क. पिंजऱ्यांत सांपडलेलें जनावर तेंच कीं निराळें, हा प्रश्न आमच्याकडेहि दर खेपेस विचारला जातो. पडद्यावर हें पाहतांना आपण नगराध्यक्षास मूर्ख ठरवून मोकळे होतों. शिरूरकडे तसें मोकळें होतां येत नाहीं. ऊस हाच तेथील हंगाम आहे, आणि तो लावूं नका असें त्या लोकांना कोण सांगणार?

साम्य येथवर आहे. यापुढें बोलपट आणि वस्तुस्थिति यांची फारकत होते. बोलपटांतील शार्कला नॅन्सीच हवी असते. जवळ अख्खा देवमासा तरंगत असतां तो तो सोडून एका सडपातळ मुलीभोंवतीं दिवसरात्र फेऱ्या घालतो! खरा शार्क असें करीत नाहीं. साऱ्या जगांत, माणसानें खोडी काढली नसतां शार्क चावल्याचे प्रकार वर्षाकांठीं सरासरी सत्तरच्या आसपास नोंदले जातात. २०२४ सालीं ते ४७ होते, आणि त्यांत चार मृत्यु. उलट माणसें किती शार्क मारतात याचा एक अंदाज २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. तो वर्षाला सुमारें दहा कोटींचा आहे. आपल्या कोंकणांत लहान शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात आणि आवडीनें खातात. तेथें शार्कचें भय माणसास नाहीं, माणसाचें शार्कला आहे. याला अपवाद अगदीं विरळा. फेब्रुवारी २०२४ मध्यें पालघर जिल्ह्यांत मनोरजवळ वैतरणेच्या खाडींत मासेमारीस उतरलेल्या एका तरुणाचा पाय शार्कनें तोडला. ‘बुल शार्क’ जातीचा मासा गोड्या पाण्यांतहि राहूं शकतो आणि नदींतून पुष्कळ आंत येतो, एवढें प्राणिशास्त्र त्या दिवशीं साऱ्या जिल्ह्यास कळलें. बेंचलीनें स्वतः पुढें उत्तरायुष्य शार्कच्या रक्षणासाठीं वेंचलें, कारण आपल्या कादंबरीनें त्या माशाची जी प्रतिमा लोकांच्या मनांत उभी केली, तिचें त्याला ओझें वाटूं लागलें होतें.

म्हणून तो बोलपट पाहूं नये काय? मी तसें म्हणणार नाहीं. समुद्राचें किंवा शार्कचें ज्ञान मिळविण्यास तो पाहूं नये, एवढेंच. न दिसणाऱ्या गोष्टीची वाट पाहतांना माणूस कसा मोजमाप करूं लागतो, कसा लहान लहान साधनांवर जगतो, तें त्यांत फार चांगलें दाखविलें आहे. आणि तें अंधारांत, चारशें लोकांत बसूनच अंगावर येतें. पुन्हां कधीं तो एखाद्या चित्रपटगृहांत लागला तर मुलांना घेऊन जा, मात्र रक्त पाहून कासावीस होणाऱ्या लहानग्यांना घरीं ठेवा.

त्या आठवड्यांत न्हावऱ्यास शेतीची वीज रात्रीची होती. बोलपट संपावयास वीसेक मिनिटें उरलीं असतां दिवे लुकलुकले, आणि तात्यांचा मुलगा विजेची बत्ती घेऊन उठला. मोटर सुरू करून पाणी दुसऱ्या सरींत वळवावयाचें होतें. वाट दोन फडांमधून जाणारी. अंतर मीं सहज विचारलें. “हितनं विहिरीपतूर दोनशे पावलं आसंल,” तात्या म्हणाले. मग त्यांनीं नातवाकडे पाहिलें. “बाळा, बास कर आता ते. फोन दे बापाला.” मुलानें नॅन्सीला होती तेथेंच खडकावर थांबविलें, फोनवर एक मोठ्या ताशाचें गाणें लावलें, आवाज पुरा चढविला आणि तो बापाच्या हातीं दिला. अंधारांत चालतांना आवाज करीत चालावें, म्हणजे बिबट्या वाटेंतून बाजूस होतो, असें वनखात्याचे लोक सांगून गेले होते. मघाशीं ज्याच्या चिरचिऱ्या आवाजाला मी हंसलों होतों, तोच फोन ताशा वाजवीत उसाच्या दोन भिंतींमधून दूर दूर जाऊं लागला. आम्ही तिघे ओसरीवर गप्प बसून तो ऐकत होतों. बऱ्याच वेळानें मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हां तात्या म्हणाले, “पोचला.”